मॅस्टोडॉनवर नवख्याचा पहिला आठवडा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

समाजमाध्यमांविषयीच्या लेखांत मॅस्टोडॉन या माध्यमाचा उल्लेख अधूनमधून येतो आणि बहुतेक वेळा दोन वाक्यांत आटोपतो: जाहिराती नाहीत, पैसे लागत नाहीत, खाते उघडा. वाचक खाते उघडतात. समोर कोरे पान येते, दोन-तीन दिवस कोणी विचारत नाही, आणि 'तिथे चिटपाखरूही नाही' असे म्हणत ॲप काढून टाकले जाते. आम्ही नवख्यांना तिथे रुळायला मदत करतो. माणसे अडखळतात त्या जागा ठरलेल्या आहेत आणि जवळजवळ सगळ्या पहिल्या आठवड्यातल्या आहेत. त्या वाचकांना आधीच दाखवून दिल्या तर बरेच हेलपाटे वाचतील. पत्र लांबले आहे, पण शक्य तर न कापता छापावे ही विनंती, कारण अर्धी माहिती इथे खरोखर त्रास देते.

पान कोरे का दिसते, ते आधी सांगतो. इतर माध्यमांवर तुम्ही हात बांधून बसलात तरी पान भरत राहते, कारण काय दाखवायचे ते कंपनीची यंत्रणा ठरवते. मॅस्टोडॉनच्या होम फीडमध्ये तुम्ही फॉलो केलेली माणसे आणि हॅशटॅग यांच्याच पोस्ट येतात, नवी वर आणि जुनी खाली, वेळेच्या क्रमाने. कोणालाच फॉलो केले नसेल तर काहीच येणार नाही. हा बिघाड नाही. ॲप पुन्हा टाकून, फोन बंद-चालू करून त्यात फरक पडत नाही. माणसे जोडली की पान भरते.

दुसरा गोंधळ सर्व्हरचा, म्हणजे आपले खाते आणि पोस्ट ज्यावर ठेवलेल्या असतात त्या संगणकाचा. जर्मनीतल्या ऑयगेन रॉश्को यांनी २०१६ मध्ये सुरू केलेले मॅस्टोडॉन म्हणजे एक संकेतस्थळ नव्हे. ते कोणालाही आपल्या सर्व्हरवर बसवता येईल असे मुक्त सॉफ्टवेअर आहे. असे हजारो सर्व्हर वेगवेगळी माणसे आणि संस्था चालवतात, आणि एका कंपनीच्या सिमवरून दुसऱ्या कंपनीच्या सिमवर फोन लागतो तसा त्यांचा आपसात संपर्क असतो. त्यांची बोलायची सामायिक भाषा म्हणजे ॲक्टिव्हिटीपब. २०१८ मध्ये ती वेबचे प्रमाणक म्हणून मान्य झाली. म्हणूनच छायाचित्रांच्या पिक्सेलफेडवरचे किंवा व्हिडिओंच्या पीअरट्यूबवरचे खातेही मॅस्टोडॉनवरून फॉलो करता येते.

सर्व्हर निवडण्यात लोक दोन-दोन दिवस घालवतात. तेवढे घालवू नयेत, कारण तो पुढे बदलता येतो. जॉइनमॅस्टोडॉन डॉट ऑर्ग या संकेतस्थळावरची यादी पाहावी. त्या यादीत येण्यासाठी सर्व्हर चालवणाऱ्यांना काही अटी मान्य कराव्या लागतात: रोजचा बॅकअप, अडीअडचणीला सर्व्हर हाताळू शकेल अशी आणखी किमान एक व्यक्ती, वंशद्वेष आणि लिंगद्वेष यांसारख्या मजकुरावर प्रत्यक्ष कारवाई, आणि सर्व्हर बंद करायचा झाल्यास किमान ३ महिने आधी सूचना. यादीबाहेरचा सर्व्हर घ्यायचा असेल तर त्याचे 'अबाउट' पान उघडून नियम वाचावेत. नियमच लिहिलेले नसतील तर तो सर्व्हर सोडून द्यावा. काही ठिकाणी अर्ज पाहून मग प्रवेश देतात. 'का यायचे आहे?' या चौकटीत 'असेच' लिहिले की अर्ज पडून राहतो. तिथे आपल्या आवडीची दोन सरळ वाक्ये लिहिली की काम होते.

युजरनेम घाईने घेऊ नये. त्यात रोमन अक्षरे, आकडे आणि अंडरस्कोर एवढेच चालते, लांबी जास्तीत जास्त ३० अक्षरे, आणि ते नंतर बदलता येत नाही. वर दिसणारे नाव मात्र देवनागरीत ठेवता येते आणि हवे तेव्हा बदलता येते. तुमचा पूर्ण पत्ता '@युजरनेम@सर्व्हर' असा दोन भागांचा असतो. कोणाला पत्ता देताना दुसरा भाग विसरू नका, कारण तेच युजरनेम दुसऱ्या सर्व्हरवर दुसऱ्याच माणसाचे असू शकते. त्याच कारणाने, एखाद्या ओळखीच्या नावाचे खाते दिसले की @ नंतरचा सर्व्हरही वाचून घ्यावा.

आता क्रमाविषयी. आधी प्रोफाइल भरा, मग माणसे जोडा. बहुतेक जण उलटे करतात. तुम्ही कोणाला फॉलो केले की त्याला सूचना जाते आणि तो तुमचे पान उघडतो. तिथे फोटो नाही, ओळख नाही, एकही पोस्ट नाही असे दिसले तर तो तुम्हाला स्पॅम समजून पुढे जातो. ही पहिली भेट पुन्हा होत नाही. फोटो चौकोनी, ४०० बाय ४०० पिक्सेलचा पुरतो; वरची पट्टी १५०० बाय ५०० ची. स्वतःचा चेहरा लावायलाच हवा असे नाही. झाड, मांजर, वाद्य काहीही चालेल, पण मूळचे रिकामे चित्र ठेवू नका. ओळखीसाठी ५०० अक्षरे मिळतात. त्यात कशाबद्दल लिहिणार ते लिहा. 'आयुष्यावर प्रेम करणारा' यातून समोरच्याला काही कळत नाही. 'जुन्या सायकली दुरुस्त करतो, पहाटे पक्षी पाहतो' यातून कळते. स्वतःचे संकेतस्थळ असेल तर प्रोफाइल-सेटिंग्जमधला पडताळणीचा एका ओळीचा कोड त्या संकेतस्थळाच्या पानावर टाकावा आणि पानाचा पत्ता प्रोफाइलमध्ये भरावा. मग त्या पत्त्याशेजारी हिरवी खूण येते. इथली पडताळणी एवढीच, त्याला पैसे लागत नाहीत.

त्याच वेळी 'प्रायव्हसी अँड रीच' हे पान उघडून तिथल्या दोन चौकटी तपासा: तुमचे खाते इतरांना सुचवले जावे का, आणि तुमच्या सार्वजनिक पोस्ट शोधात याव्यात का. मॅस्टोडॉनवर मजकुराचा शोध परवानगीवर चालतो. दुसरी चौकट मोकळी असेल तर तुमच्या पोस्टमधला नेमका शब्द टाकूनही अनोळखी माणसाला ती सापडणार नाही. ज्यांना शांतपणे राहायचे आहे त्यांच्यासाठी हे चांगलेच आहे. पण ज्यांना वाचक हवे आहेत ते अनेकदा या चौकटीला हात न लावता 'कोणी वाचत नाही' म्हणून खंतावतात.

यानंतर एक परिचयाची पोस्ट टाका. रोमन लिपीतला 'इंट्रोडक्शन' हा हॅशटॅग जगभर याच कामासाठी वापरतात. त्याच्या जोडीला मराठी हॅशटॅग द्यावेत. उदाहरणार्थ: 'नमस्कार. जुन्या सायकली दुरुस्त करणे आणि पक्षी पाहणे हे माझे दोन नाद. सध्या एका मागच्या चाकाचा हब उघडून बसलो आहे, बेअरिंगची एक गोळी कमी निघाली. #परिचय #सायकल #पक्षी_निरीक्षण'. यात उत्तर द्यायला जागा आहे, हरवलेल्या गोळीबद्दल कोणीतरी नक्की बोलेल. हॅशटॅगमध्ये मोकळी जागा सोडली की तो तिथेच तुटतो, म्हणून अंडरस्कोर. ऱ्हस्व-दीर्घ बदलले की हॅशटॅगही वेगळा होतो, तेव्हा आधी शोधून लोक कोणता वापरतात ते पाहावे. परिचयाची पोस्ट प्रोफाइलवर पिन करून ठेवा.

आता माणसे जोडणे. सर्वांत जास्त लोक इथेच अडकतात. असे घडते: कोणीतरी लिंक पाठवते, ती ब्राउझरमध्ये उघडते, पान दुसऱ्याच सर्व्हरचे असते. फॉलोचे बटण दाबले की लॉगिनची चौकट येते. माणूस आपला पासवर्ड टाकतो, तो चालत नाही. पासवर्ड विसरलो असे समजून नवा मागवतो, तर ईमेलच येत नाही. येणार कसे? त्या सर्व्हरवर त्याचे खातेच नाही. उपाय सोपा आहे. त्या व्यक्तीचा पूर्ण पत्ता, दोन्ही @ सकट, कॉपी करायचा, आपल्या सर्व्हरवर यायचे आणि शोधाच्या चौकटीत चिकटवायचा. खाते समोर येते, तिथून फॉलो करायचे. एखाद्या पोस्टला उत्तर द्यायचे असेल तर त्या पोस्टची लिंकही तशीच शोधाच्या चौकटीत टाकता येते. तुमचा पासवर्ड फक्त तुमच्या सर्व्हरच्या पानावर टाकायचा, एवढे पक्के लक्षात ठेवले तर फसवणुकीच्या निम्म्या वाटा बंद होतात.

असे शोधून उघडलेले खाते कधीकधी रिकामे दिसते, किंवा फॉलोअरच्या यादीत फार कमी नावे दिसतात. माणूस निष्क्रिय आहे असे लगेच समजू नका. तुमच्या सर्व्हरवरचे कोणीतरी त्याला फॉलो करू लागल्यानंतरच्या पोस्ट तुमच्या सर्व्हरकडे येऊ लागतात. आधीच्या बहुधा आलेल्याच नसतात. मूळ पान उघडण्याची सोय प्रोफाइलच्या मेनूत आहे, तिथे सगळे दिसते. फॉलो दाबल्यावर 'विनंती पाठवली' असे दिसले तर तो माणूस प्रत्येक फॉलोअर स्वतः तपासून घेतो, थांबायचे.

किती जणांना फॉलो करावे? आमच्या मते पहिल्या आठवड्यात ५० च्या आसपास. १० माणसांनी पान हलत नाही आणि ५०० केले तर कोणाशीच ओळख होत नाही. आपल्या विषयाचा हॅशटॅग शोधा आणि त्यावर नियमित लिहिणारे, इतरांना उत्तरे देणारे निवडा. मग ते कोणाच्या पोस्ट पुढे पाठवतात ते पाहा. तिथून साखळी लागते. २०२२ मधल्या ४.० या आवृत्तीपासून हॅशटॅगही फॉलो करता येतो: हॅशटॅग उघडायचा, वरचे बटण दाबायचे, त्याच्या पोस्ट होममध्ये येऊ लागतात. फक्त छोट्या सर्व्हरवर याला मर्यादा आहे. सर्व्हरपर्यंत पोहोचलेल्याच पोस्ट हॅशटॅगखाली दिसतात, म्हणून छोट्या सर्व्हरवर हॅशटॅगपेक्षा माणसे जोडण्यावर भर द्यावा.

इतर माध्यमांतून आलेली माणसे आवडलेल्या पोस्टला तारा देतात आणि आपण ती पोस्ट पसरवली असे समजतात. ताऱ्याची सूचना लेखकाला जाते, तो सुखावतो. तुमच्या फॉलोअरपर्यंत त्यामुळे काही पोहोचत नाही. पोस्ट पुढे जाते ती बूस्टने, म्हणजे ती आपल्या फॉलोअरना पुढे पाठवणारे बटण दाबल्याने. इथे बूस्ट हेच पोस्टचे पाय आहेत, तेव्हा चांगले दिसले की मोकळ्या हाताने बूस्ट करावे. पोस्ट कोट करण्याची, म्हणजे ती आपल्या मजकुरासोबत दाखवण्याचीही सोय आता आली आहे, मात्र आपली पोस्ट कोणी कोट करावी हे लेखकाला ठरवता येते. एखाद्या माणसाचे लिखाण आवडते पण त्याचे बूस्ट फार होतात, तर त्याला सोडून देऊ नका. त्याच्या प्रोफाइलच्या मेनूत फक्त बूस्ट लपवता येतात. पोस्ट वेळेच्या क्रमाने येत असल्याने रात्री उशिरा टाकलेली पोस्ट सकाळपर्यंत खाली गेलेली असते. दुसऱ्या दिवशी स्वतःची पोस्ट एकदा बूस्ट करायला इथे कोणी नावे ठेवत नाही.

पहिल्या आठवड्यात लिहिण्यापेक्षा उत्तरे देण्याने जास्त ओळखी होतात. दिवसाला एक पोस्ट आणि ५ उत्तरे, असे प्रमाण आम्ही सुचवतो. 'छान', 'मस्त' यांपुढे जाऊन एक नेमका प्रश्न विचारा.

पोस्ट किती लोकांना दिसावी याचे चार प्रकार आहेत, आणि इथे झालेली चूक महागात पडते. पहिला 'पब्लिक', सर्वांना. दुसरा 'क्वाएट पब्लिक', लिंक असलेल्याला किंवा प्रोफाइलवर येणाऱ्याला दिसतो, पण शोधात, हॅशटॅगखाली किंवा सार्वजनिक फीडमध्ये येत नाही. लांब मजकूर सलग पोस्टमध्ये मांडताना पहिली पब्लिक आणि बाकीच्या क्वाएट ठेवल्या की इतरांची सार्वजनिक फीड भरून जात नाहीत. तिसरा 'फॉलोअर्स'. तुमचे खाते उघडे असेल, म्हणजे कोणालाही विचारल्याशिवाय फॉलो करता येत असेल, तर या प्रकाराला कुलूप नसलेल्या दाराइतकाच अर्थ आहे. तो खरोखर वापरायचा तर फॉलोअर स्वतः मंजूर करण्याची सेटिंग चालू करा. पोस्ट टाकल्यावर प्रकार बदलता येत नाही. ती काढून पुन्हा टाकावी लागते आणि त्यावरचे तारे-बूस्ट जातात. मजकूर दुरुस्त करता येतो, पण दुरुस्तीचा इतिहास इतरांना दिसतो.

चौथा प्रकार 'प्रायव्हेट मेन्शन'. हा खासगी निरोप नाही. ज्यांचा पत्ता त्यात लिहिला आहे अशा सर्वांना दिसणारी ती पोस्ट आहे. समजा तुम्ही मैत्रिणीला असे लिहिले: 'उद्याच्या बैठकीला @अमुक येणार असेल तर मला बोलावू नकोस'. त्या @ मुळे ही पोस्ट अमुकलाही पोहोचली. तिसऱ्या माणसाबद्दल लिहिताना त्याचे नाव साधे लिहा, @ लावू नका. शिवाय हे निरोप टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतात, दोन्ही सर्व्हर चालवणाऱ्यांना ते तांत्रिकदृष्ट्या वाचता येतात. पासवर्ड, ओटीपी, आजारपणाचे कागद, कोणाचा फोन नंबर यातले काहीही तिथे लिहू नका. 'तुमचे खाते बंद होणार आहे, या लिंकवर पडताळणी करा' असा मेन्शन आला तर उघडू नका, रिपोर्ट करा.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक खास सूचना. पोस्ट लिहायच्या चौकटीत भाषेचे बटण असते. तिथे मराठी निवडा, आणि सेटिंग्जमध्ये पोस्टची भाषा कायमची मराठी करून ठेवा. चौकटीवर इंग्रजी राहिले आणि मजकूर मराठी गेला तर सार्वजनिक फीड भाषेनुसार गाळून पाहणाऱ्या मराठी वाचकांपासून तो लपतो, भाषांतराची सोय चुकीच्या भाषेतून भाषांतर करू पाहते, आणि अंधांचे स्क्रीन-रीडर मराठी शब्द इंग्रजी उच्चारात वाचू शकतात. आपली पोस्ट मराठी आहे हे यंत्राला सांगणे, एवढेच काम आहे. ते आळसाने राहून जाते याचे वाईट वाटते.

चित्र टाकताना वर्णनाची चौकट भरा. १५०० अक्षरांची जागा असते, दोन वाक्ये पुरतात. 'फोटो' एवढेच लिहून भागवू नका; 'उघडलेला सायकलचा हब, ग्रीसमध्ये ८ गोळ्या, एक जागा रिकामी' असे लिहा. चित्र न दिसणाऱ्यालाही मग बोलण्यात भाग घेता येतो. इथे याला फार मान आहे, वर्णन नसलेली चित्रे बूस्ट न करणारे बरेच जण आहेत. मन विचलित करणारा किंवा एखाद्या कथेचा शेवट सांगणारा मजकूर असेल तर 'कंटेंट वॉर्निंग' लावून वर एक ओळ लिहावी.

त्रास देणाऱ्यांशी वाद घालत बसू नका. म्यूट केल्यावर तो तुम्हाला दिसत नाही आणि त्याला ते कळत नाही. ब्लॉक केल्यावर संबंधच तुटतो. आणि सगळा त्रास एकाच सर्व्हरवरून येत असेल तर तो अख्खा सर्व्हर आपल्यापुरता बंद करता येतो. नको असलेल्या शब्दांसाठी फिल्टर आहेत, त्यांना मुदतही घालता येते.

खात्याची सुरक्षा पहिल्याच दिवशी उरका. टू-फॅक्टर (पासवर्डसोबत दुसरा कोडही मागणारी सोय) चालू केल्यावर फोनमधले कोड देणारे ॲप जोडावे लागते आणि ते ॲप हाताशी नसताना वापरायच्या रिकव्हरी कोडची यादी मिळते. ती कागदावर उतरवून ठेवा. फोन हरवला आणि यादी त्याच फोनमध्ये असेल तर ती असून नसल्यासारखीच. यातल्या काही सेटिंग्ज ॲपमध्ये सापडत नाहीत, ब्राउझरमधून लॉगिन करून पाहाव्या लागतात.

सर्व्हर बदलायचा झाला तर काय होते, हे सुरुवातीलाच माहीत असावे. मोबाइल कंपनी बदलताना नंबर तोच राहतो. इथे पत्ता बदलतो. नव्या सर्व्हरवर खाते उघडायचे, तिथल्या सेटिंग्जमध्ये 'जुने खाते हे' म्हणून जुना पत्ता नोंदवायचा, आणि मग जुन्या खात्यातून स्थलांतराची आज्ञा द्यायची. क्रम उलटा केला तर आज्ञा चालत नाही. फॉलोअर आपोआप नव्या खात्याकडे येतात. तुमच्या पोस्ट मात्र जुन्या ठिकाणीच राहतात. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची यादी स्वतः उतरवून नव्या खात्यात चढवावी लागते. एकदा स्थलांतर केले की पुढचे ३० दिवस पुन्हा करता येत नाही. जुना सर्व्हर चालू असतानाच हे करावे लागते; तो अचानक बंद पडला तर आज्ञा देणार कुठून? म्हणून महिन्यातून एकदा 'इम्पोर्ट अँड एक्स्पोर्ट' या पानावरून फॉलोची यादी उतरवून घ्यावी, आणि पोस्ट व चित्रांची संपूर्ण प्रत मागवावी. ती मागणी ७ दिवसांतून एकदा करता येते, आणि प्रत तयार झाली की उतरवायची लिंक ईमेलवर येते. तो ईमेल पत्ता चालू आहे ना, ते आजच पाहून घ्या.

आपल्या तंत्रज्ञानविषयक सदरात यापुढे अशा माध्यमांची ओळख करून देताना खाते उघडण्यानंतरच्या या पायऱ्याही द्याव्यात, अशी विनंती आहे.

कळावे,
आपले नम्र,
मॅस्टोडॉनवर नवख्यांना मदत करणारे काही वाचक